सांगलीच्या जागी धारवाड

खंडेनवमीला क्रांतीच्या घरात एकही यंत्र पूजेवाचून राहत नाही. विळी, कोयता, शिलाई मशीन, मिक्सर, नवऱ्याची मोटरसायकल, लेक तेजस्वीचा कॅल्क्युलेटर, झालंच तर गॅसचा लायटरसुद्धा. तिचं माहेर मुरगूडचं, शेतीचं. तिथं नांगरापासून खुरप्यापर्यंत सगळ्यांना त्या दिवशी आंघोळ, हळदीकुंकू आणि झेंडूचं एकेक फूल. जे आपल्यासाठी राबतं त्याला वर्षातून एकदा तरी हात जोडावेत, हे आईचं सांगणं तिनं शिवाजी पेठेत आल्यावरही बावीस वर्षं पाळलं.

त्यात तिला आणखी एक खोड. वस्तू वरून पुसून तिचं समाधान होत नाही, आत काय आहे ते बघावंसं वाटतं. मिक्सर उघडून झाला, भिंतीवरचं घड्याळ झालं, कुकरची शिट्टी तर तीनदा. दहावीला विज्ञानात वर्गात पहिली आली होती, पुढं लग्न झालं. रोज रात्री देवासमोर दिवा मालवायच्या आधी ती वहीत चार ओळी लिहिते. वर ‘श्री’, खाली दिवसभरातलं काहीबाही, आणि बहुतेक वेळा शेवटी एक प्रश्न. नवरा अमरसिंह म्हणतो, “हिच्या हातात पाना दिला तर ही देवळाचा कळसबी उतरवून आत बघंल.”

त्या वर्षी पाळी रेडिओची आली.

रेडिओ आण्णांचा, म्हणजे तिच्या सासऱ्यांचा. आण्णा ऐंशी पार केलेले. उद्यमनगरात चाळीस वर्षं लेथवर लोखंड कातणारे टर्नर होते. तयार नगावरनं नुसतं बोट फिरवून सांगायचे, “अजून केसभर काढायला पायजे.” जाडी मोजायचा मायक्रोमीटर लावून बघितलं की तेवढंच निघायचं. सहा वर्षांपूर्वी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. पण बोटं होती तशीच राहिली आणि त्या बोटांवरच आण्णांनी सगळं घर मोजून ठेवलं. पलंगापासून न्हाणीघर नऊ पावलं. चहाचा कप उजव्या हाताला एक वीत. आणि रेडिओच्या बटणाला एक खाच, ती खाच वर आणायची, तिथनं उजवीकडं दोन बोटं फिरवायचं, की सांगली केंद्र.

पहाटे सहाला आण्णा उठायचे आणि सांगली स्वतः लावायचे. भजनं, शेतीच्या गोष्टी, बाजारभाव. बाकी सगळ्यासाठी त्यांना कुणाला तरी हाक मारावी लागायची. धोतर कुठं, काठी कुठं, गोळी कुठली. एवढं एक काम असं होतं की त्यात कुणाची हाक नव्हती. म्हणून त्या बटणाला घरात दुसरं कुणी हात लावत नसे.

अलीकडं ते बटण जरा जड फिरायला लागलं होतं. आण्णा दुपारी निजलेले बघून क्रांतीनं प्लग काढला, मागच्या पुठ्ठ्याचे चार स्क्रू सोडवले आणि आत डोकावून बघितलं.

आत बटणाच्या दांड्याला अर्धगोल पातळ पात्यांचा एक जुडगा होता. समोर तसाच दुसरा जुडगा, पण तो हलत नव्हता. बटण फिरवलं की हलत्या पात्या न हलत्या पात्यांच्या फटींत शिरायच्या. कशा शिरायच्या? एकमेकींना न शिवता. केसभर अंतर राखून. क्रांतीनं चार वेळा बटण फिरवून बघितलं. एकदाही एकीचं अंग दुसरीला लागलं नाही. सोवळ्यातली बाई पाण्याची कळशी घेऊन गर्दीतनं जावी, तशा.

तिनं ब्रशनं धूळ काढली. दांड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब दिला. बटण लोण्यासारखं फिरायला लागलं. मग तिला वाटलं, दांड्याला दिलं तर या बिचाऱ्या पात्या तरी कोरड्या का? तिनं कुपी दाबून पात्यांच्या फटींत चांगलं तेल सोडलं. ते फटींत आपणहून पसरलं आणि तिथंच धरून राहिलं. वरनं चिमटीनं हळद सोडली, कुंकू सोडलं, हात जोडले आणि पुठ्ठा लावून टाकला.

दुसऱ्या दिवशी दसरा. पहाटे सहाला आण्णांनी खाच वर आणली, दोन बोटं उजवीकडं फिरवली. रेडिओ कन्नडमध्ये बोलायला लागला.

“क्रांती!” आण्णांनी हाक मारली. “सांगलीवाल्यांनी कन्नड कवा सुरू केलं गं?”

क्रांती पीठ मळत होती, तशीच पिठाचे हात घेऊन आली. “कन्नड?”

“ऐक की. धारवाड हाय हे. सांगलीच्या जागी धारवाड येऊन बसलंय.”

आण्णांनी बटण पुढं पुढं नेलं. सांगली सापडली, पण दोनऐवजी चार बोटांवर, आणि आवाजात फुटाणे फुटल्यासारखी खरखर. त्यांनी पुन्हा खाच वर आणली, पुन्हा मोजलं. पुन्हा धारवाड.

दुसऱ्या दिवशी सांगली साडेतीन बोटांवर. तिसऱ्या दिवशी सव्वातीन. आपण काहीतरी केलंय हे तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण काय केलं? तेलानं कुठलीही तार तुटली नव्हती. कुंकवानं काही जळलं नव्हतं. रेडिओ चालत होता, गात होता, फक्त गावं जागची हलली होती. बरं, सांगावं तर नवरा म्हणणार, “केलीस का पूजा?” आणि पूजेला बोल लागलेला तिला सोसला नसता. वहीत मात्र लिहिलं: “श्री. तेल पात्यांना लागलं, तारेला नाही. मग सांगली कशी सरकली?”

चौथ्या दिवशी आण्णांनी रेडिओला हात लावला नाही. सहा वाजले, साडेसहा वाजले, घर गप्प. क्रांती चहा घेऊन गेली. आण्णा पलंगावर बसून अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होते, बोटांत धरलेल्या कागदाची जाडी बघावी तसे.

“आण्णा, रेडिओ?”

“उचल तो हितनं.”

“का हो?”

“डोळं गेलं तवा म्हटलं, जाऊं दे, हात हाय. आता हातबी निघाला.” आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ नाही म्हणावं तसा. “रोज येगळीकडं लागतंय मला. दोन बोटं म्हंजे किती, हेच कळंना झालंय. आणि ती ट्रंकंतली मायक्रोमीटरची डबी तेजस्वीला देऊन टाक. कालेजात उपयोगी पडंल. मला काय करायची?”

क्रांतीनं चहा ठेवला. एक वीत उजवीकडं, नेहमीच्या जागी. आण्णांचा हात कपाकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग त्यांनी आधी पलंगाची कड चाचपली, तिथनं बोटांनी अंतर मोजत कप गाठला. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

त्या क्षणी तिला म्हणायचं होतं, आण्णा, तुमचा हात गेला नाही, मी तेल घातलंय. पण ‘कशावरनं?’ असं त्यांनी विचारलं असतं तर? चाळीस वर्षं मापानं काम केलेला माणूस. त्याला ‘मला वाटतंय’ चालणार नव्हतं. समजूत घालतीय पोरगी, असंच त्यांनी मानलं असतं. तिनं रेडिओ चादरीत गुंडाळला. “मी जरा पेठेत जाऊन येतो,” म्हणाली आणि बंडू मिस्त्रीचं दुकान गाठलं.

बंडू मिस्त्री तालमीच्या मागच्या बोळात बसतो. पंख्याचे कंडेन्सर, मोबाईलचे चार्जर, मिक्सरची मोटर, असं येईल ते. आत कोनाड्यात गणपती, गणपतीसमोर एक जळका कंडेन्सर, का तर म्हणे तो त्यानं दुरुस्त केलेल्या पहिल्या पंख्यातला होता. त्यानं पुठ्ठा काढला, आत बघितलं आणि कपाळाला हात लावला.

“वैनी, ह्यात फोडणी कुणी घातली?”

“मी.”

“आता नुसती मोहरी ऱ्हायली बघा.”

“बंडूदादा, चेष्टा राहू दे. मला एवढंच सांगा, तेल पात्यांना लागलं तर सांगली का सरकली?”

बंडूनं पेचकस खाली ठेवला. असा प्रश्न गिऱ्हाईक विचारत नाही. गिऱ्हाईक विचारतं, कधी मिळेल.

“ह्याला गँग म्हणत्यात. ह्योबी कंडेन्सरच. कंडेन्सर म्हंजे काय? दोन पत्रं. जवळ आणायचं, पन शिवू द्यायचं न्हाय. शिवलं की खेळ खलास. त्या दोन पत्र्यांवर वीज साठती. किती साठती, त्याच्यावर ठरतं की रेडिओ सांगली धरणार का धारवाड. बटण डावीकडं फिरवलं की पात्या एकमेकींत जास्त शिरत्यात, साठा वाढतो. उजवीकडं फिरवलं की बाहेर येत्यात, साठा कमी हुतो.”

“आणि मध्ये काय असतं?”

“तीच तर मेख हाय. ह्यात मदी हवा. पंख्याच्या कंडेन्सरात मदी प्लास्टिकचा पापुद्रा. जुन्यात तेलातला कागद. कशात अभ्रक. पत्रं तेच, अंतर तेच, पन मधलं बदललं की साठा बदलला. तुमी हवा काढून तेल बसवलं, साठा दुप्पट झाला. म्हंजे आण्णांनी बटण व्हतं तिथंच ठेवलं, पन रेडिओला वाटलं पात्या अजून आत गेल्यात. गेला की त्यो डावीकडच्या धारवाडला!”

“आणि रोज जरा जरा मागं का येतंय?”

“तेल गळतंय की रोज थोडं. आणि ती खरखर तुमच्या कुंकवाची. पावसाळ्याची ओल धरलीया त्यानं. मदी बसणारानं वीज पलीकडं जाऊ द्यायची न्हाय. हे थोडी थोडी सोडतंय.”

क्रांतीला पटलं आणि पटलंही नाही. मध्ये बसणारं काहीच करत नाही, वीजसुद्धा जाऊ देत नाही, मग साठा कसा वाढवतं? बंडू म्हणाला, “ते मला ठावं न्हाय. मी मीटरवर बघतो आणि इश्वास ठेवतो.” रेडिओ त्याच्याकडं ठेवून ती घरी आली.

आण्णांना नुसतं सांगण्याआधी तिला स्वतःला बघायचं होतं. दुपारी तिनं स्टीलच्या डब्यांची दोन सारखी झाकणं काढली. खालचं परातीत उपडं ठेवलं, वर चार बाजूंना आण्णांच्या जुन्या सदऱ्याची चार सारखी बटणं ठेवली आणि त्यावर दुसरं झाकण, पाठीला पाठ लावून. लेक तेजस्वी पॉलिटेक्निकला होती. तिच्या मीटरला कंडेन्सर मोजायची सोय होती. तेजस्वी घरी आली तर आई स्वयंपाकघरात मांडी घालून बसलेली आणि झाकणांना मीटरचे चिमटे लावलेले.

“मम्मी, हे काय चाललंय?”

“तू नुसता आकडा वाच.”

मध्ये नुसती हवा, तर आकडा नऊ. मधल्या फटीत वर्तमानपत्राच्या घड्या सरकवल्या, सोळाच्या आसपास. देवघरातल्या जुन्या तसबिरीची फुटकी काच होती, ती फटीत बेतानं सरकवली, तर आकडा चाळिशीच्या वर. बटणं तीच, झाकणं तीच. क्रांती काच बाहेर काढायची, नऊ. आत घालायची, चाळीस. काढायची, घालायची. शेवटी तेजस्वी म्हणाली, “अगं, तो काय झोपाळा आहे का?”

मग परातीत शेंगतेल ओतलं. तेल चढत चढत दोन झाकणांच्या मध्ये शिरलं आणि आकडा तिच्या डोळ्यांदेखत वर सरकायला लागला. बारा. अठरा. चोवीस. कुणी काही फिरवलं नव्हतं, कुणी काही दाबलं नव्हतं. क्रांतीच्या अंगावर काटा आला. ही बघ, ही सरकली सांगली!

तेल गाळून ठेवल्यावर तिनं पाणीही घालून बघितलं. आकडा उसळला, खाली आला, परत उसळला, एका जागी ठरेचना. तेजस्वी म्हणाली, “नळाचं पाणी करंट सोडतं, ते इन्सुलेटर नाही.”

“म्हणजे कुंकवाची ओल,” क्रांती म्हणाली. “आता हे सांग. मधलं काही करत नाही तर साठा कसा वाढतो?”

तेजस्वीनं वहीचा कागद घेतला. “याला डायइलेक्ट्रिक म्हणतात. त्याच्यातले कण जागा सोडत नाहीत, पण जागच्या जागी ताणले जातात, वळतात. एक टोक या पत्र्याकडं, एक टोक त्या पत्र्याकडं. त्यामुळं दोन पत्र्यांमधला ताण कमी होतो. ताण कमी झाला की आणखी चार्ज मावतो.”

क्रांतीनं तसबिरीची काच उजेडात धरली. मग म्हणाली, “मधली जाऊ.”

“काय?”

“थोरली आणि धाकटी एकमेकींशी बोलत नाहीत. मधली थोरलीचं थोडं पोटात घेते, धाकटीचं थोडं पोटात घेते. जागची हलत नाही, इकडचं तिकडं सांगत नाही. म्हणून त्या घरात आल्या-गेल्याला जागा होते.”

“आणि फार ताण दिला,” तेजस्वी हसली, “तर मधलीच फाटते. त्याला ब्रेकडाउन म्हणतात.”

“ते मला पुस्तकात बघायला नको,” क्रांती म्हणाली. तिच्या सासरी मधली जाऊ तीच.

त्या तेलात संध्याकाळी भजी तळली. अमरसिंहनं चार जास्तच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी ती बंडूकडं जाऊन समोर बसली. त्यानं गँग थिनरनं धुतली, एकेका फटीतनं मऊ ब्रश फिरवला, लाल-पिवळं पाणी खाली फडक्यावर उतरलं. “कुंकू टाकून देऊ नका,” क्रांती म्हणाली. बंडूनं ते फडकं मुकाट्यानं घडी करून गणपतीच्या कोनाड्यात ठेवलं. गँगच्या बुडाशी एक बारका स्क्रू होता, त्याच्याखाली नखाएवढं चमकतं पान. “हे अभ्रकाचं पान तुटलंय,” तो पुटपुटला, “बघतो काय गावतंय ते.” क्रांती तेवढ्यात भाजी घ्यायला उठली. तासानं रेडिओ घेऊन घरी आली.

आण्णांच्या उशाशी रेडिओ ठेवला, प्लग लावला. “आण्णा, लावा सांगली.”

“तूच लाव.”

“तुमीच लावायची.”

“माझा हात ऱ्हायला न्हाय म्हटलं न्हवं? उगं परीक्षा कशाला घेतीस?”

आता पळवाट नव्हती. क्रांती त्यांच्या पायाशी खाली बसली. “आण्णा, हात गेला न्हाय. खंडेनवमीला मी रेडिओ उघडलो. पात्यांत तेल घातलो, वर हळदकुंकू. हवेच्या जागी तेल बसलं म्हणून सांगली सरकली. तेल रोज गळत गेलं म्हणून रोज जागा बदलली. तुमी रोज बरोबर मोजत होता. चूक पात्यांत होती.”

आण्णांनी मान तिच्या आवाजाकडं वळवली.

“खोटं वाटतंय काय? मी मोजून बघितलंय. दोन झाकणं घेतली, मध्ये हवा तर नऊ, तेल तर चोवीस. तेजस्वीला विचारा.”

“अंतर कसं सारखं ठेवलंस?”

“तुमच्या सदऱ्याची बटणं लावून.”

“हां.” आण्णांनी मान हलवली. बरं केलंस असंही म्हणाले नाहीत, का लपवलंस असंही नाही. हात मात्र रेडिओकडं गेला. खाच सापडली. ती वर आली. एक बोट. दोन बोटं. बटण थांबलं.

सांगली लागली. भजन चालू होतं, टाळ स्वच्छ. क्रांतीनं हात जोडले.

पण आण्णांच्या कपाळावरची आठी गेली नाही. त्यांनी बटण किंचित, अगदी किंचित मागं घेतलं. मग परत पुढं. परत मागं.

“न्हाय,” ते म्हणाले. “जाग्यावर न्हाय. केसभर डावीकडं लागतंय.”

“लागलंय की आण्णा, किती छान ऐकू येतंय!”

“ऐकू येतंय गं. पन आवाज भरून येतो ती जागा केसभर डावीकडं हाय. पयली तिथं नव्हती.” हात त्यांनी मांडीवर घेतला. “का माझंच चुकतंय?”

क्रांती उठली. चप्पल न घालताच बाहेर गेली आणि बोळातनं बंडूला घेऊनच आली.

“बंडूदादा, खरं सांगा. तेल काढलंत, कुंकू काढलंत. आणखी काय केलंत?”

“काय न्हाय वो. गँग धुतली, सुकवली, बसवली.” बंडूनं आण्णांकडं बघितलं. “का, लागंना काय?”

“लागतंय. केसभर डावीकडं,” आण्णा म्हणाले.

बंडू दारातच थांबला. त्यानं डोकं खाजवलं. “आण्णा, त्या बारक्या स्क्रूखालचं अभ्रकाचं पान तुटलंतं. तसलं आता गावत न्हाय. मी कॅसेटच्या डबीवरचं पातळ प्लास्टिक कापून घातलं. जाडी अगदी तेवढीच घेतलीया, शप्पत.”

“जाडी तेवढीच,” क्रांती हळूच म्हणाली, “पण मधलं बदललं.”

“व्हय. त्यो स्क्रूबी बारका कंडेन्सरच, आवळला की साठा वाढतो; पन अभ्रकाएवढा साठा प्लास्टिक धरत न्हाय. साठा कमी पडला, म्हंजे पात्या जरा जास्त आत घ्यायला लागनार. डावीकडं.” बंडूनं रेडिओकडं बघितलं, मग आण्णांच्या हाताकडं. “पन आण्णा, ह्यो फरक मला मीटरवर कळला नसता. तुमाला बोटावर कसा कळला?”

आण्णांच्या तोंडावर हळूहळू काहीतरी पसरत गेलं, फटीत तेल पसरावं तसं, आपणहून. त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली, एकदा, दोनदा.

“बंड्या,” ते म्हणाले, आणि आवाज थेट लेथवरचा, मशीन चालू असताना पलीकडच्याला ऐकू जावा असा, “अभ्रकाच्या जागी प्लास्टिक घालतोस आणि सांगत न्हाईस व्हय रं? स्क्रू जरा आवळ. मी हितनं सांगतो, किती ते.”

बंडूनं पुठ्ठा काढला. पेचकस लावला. आण्णांनी दोन बोटांवर बटण धरून ठेवलं होतं. “आवळ. आवळ. बास. निम्मा सोड. हां, थांब!”

भजन भरून आलं.

“आणि क्रांती,” आण्णा म्हणाले, बटणावरचा हात न काढता, “ती मायक्रोमीटरची डबी दिलीस काय गं तेजस्वीला?”

“न्हाय अजून. ट्रंकंतच हाय.”

“आण हिकडं. ह्या बंड्याच्या प्लास्टिकची जाडी बघतो.”